शाळेची तयारी तुमच्याकडे होती

श्रावणी शाळेतून आली तेव्हा तुम्ही बसलेले होतात.

पुढच्या खोलीत, भिंतीला टेकवून, मांडी घालून. कपाळभर भस्म, गळ्यात शेवंतीचे हार. आपल्यात माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात, आणि अंग ताठायच्या आत बसवावं लागतं. शेजारच्या पुरुषांनी ते सकाळीच केलं होतं. असं असतं हे आपल्या नातीला कुणी सांगितलेलं नव्हतं. सात वर्षांची पोर, तिच्यासमोर घरातलं कुणी गेलं नव्हतं. तिनं दारात बूट काढले, मोजे बुटांत कोंबले, बूट जोडीनं भिंतीला लावले. दाटी बघून तिला पूजा वाटली असावी. बायकांच्या मधून वाट काढत ती सरळ तुमच्यासमोर येऊन बसली. दप्तर पाठीवर तसंच.

"अप्पा, बरं वाटलं व्हय?" म्हणाली.

मग शाळेतलं सांगायला लागली, रोज सांगते तसं. प्रार्थनेला माइक बंद पडला. वेदांतनं टायचं इलॅस्टिक चावून तोडलं, मिसनी गाठ मारून दिली. डब्यातली शेंगाचटणी संपली, चपाती अर्धी राहिली. झांजा वाजवणारे थांबले. रडणाऱ्या बायका थांबल्या. ती एकटी बोलत होती आणि तुम्ही सोडून सगळं घर ऐकत होतं.

पोरीचे आईबाप, आपला मल्लू आणि सून, पुण्याहून निघाले होते, मोहोळच्या पुढेमागे कुठंतरी होते. सांगणारी मीच. मी तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "श्रावणी, अप्पा ऐकत न्हाईत. अप्पा गेले."

तिनं माझ्याकडे पाहिलं, तुमच्याकडे पाहिलं.

"बसलेत की," म्हणाली.

त्यानंतर मल्लू आला, तुम्हाला नेलं, बसवूनच माती दिली, व्हायचं ते झालं. मी रडले नाही. लोक म्हणाले, धक्का बसलाय. तसं काही नाही. दात काढल्यावर गाल बधिर होतो, चहा गरम आहे की गार तेही कळत नाही, तसं आहे. अजून तसंच आहे. महिना व्हायला आला.

मधे मल्लू म्हणाला, पोरीला पुण्याला नेतो. दोघांच्या कंपनीतल्या पाळ्या उलटसुलट लावून घेतील, जवळच एक शाळा आहे, तिथं घालतील. "आई, तुला ते जमणार न्हाई," म्हणाला. खोटं बोलत नाही तो. मी चौथी शिकले, त्यातली दोन वर्षं कानडी शाळेत आणि दोन मराठी. श्रावणीच्या डायरीत मिस काय लिहितात ते मला वाचता येत नाही. त्याला काय उत्तर द्यायचं ते मला ठरवायचं होतं. शाळेचं ठरवायचं काम या घरात तुमचं होतं. म्हणून तुमच्याशी बोलते. तुम्ही ऐकत नाही ते मला कळतं.

ती शाळा हा तुमचा हट्ट. तुम्ही उभं आयुष्य गणवेशाच्या कारखान्यात कटिंग केलंत. सोलापुरातून कुठल्याकुठल्या गावांना ते कपडे जायचे. पण सिस्टरांच्या शाळेचा निळा कपडा टेबलावर आला की घरी येऊन सांगायचात, आज निळा होता. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. कपडा निळा काय, खाकी काय. मल्लूच्या वेळी तुम्ही फॉर्म आणायला म्हणून गेलात आणि गेटावरूनच परत आलात. का, विचारलं तर म्हणालात, "लई गाड्या हुत्या दारात." एवढंच. मल्लू म्युन्सिपालटीच्या शाळेत गेला. त्याचं काही वाईट झालं नाही.

श्रावणीच्या वेळी तुम्ही आत गेलात.

"सिस्टरांची शाळा कशाला?" मी म्हणाले. "पोरगी येशूची गाणी म्हणत येईल."

"म्हणू दे की. गाणंच हाय."

"घरात इंग्रजी कोण शिकवणार तिला? मी?"

"तू भाकरी शिकव."

झालं. दोन वर्षं मी त्या शाळेचं काही केलं नाही. डबा भरून द्यायची, बास. बाकी सगळं तुम्ही. रविवारी वर्तमानपत्र अंथरून तिची नखं काढायची, कारण सोमवारी नखं बघतात. संध्याकाळी फ्रॉकच्या चुण्या एक एक बोटानं बसवून इस्त्री मारायची. पांढरा शर्ट, निळा बिनबाह्यांचा फ्रॉक, पट्टा, टाय, डाव्या बाजूला पिनेनं लावलेला रुमाल. बुधवारी सगळं पांढरं, बूटसुद्धा पांढरे, त्यांना खडू लावायचा. दोन वेण्या वर दुमडून निळ्या फिती. बांगडी नको, मेंदी नको, नखाला रंग नको. नागपंचमीला पोरीला मेंदी लावली तर तुम्ही हात धुवायला लावलात, ओली होती तेवढ्यात. मी तुमच्याशी त्या दिवशी जेवेपर्यंत बोलले नाही.

"मिलिटरीत घालताय का तिला?" मी विचारायची.

"मिलिटरीवाले बरे. त्यांना फिती नसतात," तुम्ही म्हणायचात आणि फीत पुन्हा सोडून पुन्हा बांधायचात. दोन्हीकडचे फुगे सारखे व्हायला हवेत म्हणून.

सगळ्यांत मोठं भांडण झालं ते लिंगावरून. गळ्यात काही घालायचं नाही, असा शाळेचा नियम. आणि आपली लिंगायताची पोर, जन्मल्यापासून लिंग गळ्यात. मी म्हणाले, ते काढायचं असेल तर शाळाच नको. तुम्ही शर्ट बदलून सिस्टरला विचारायला गेलात. येऊन म्हणालात, "आत असू दे म्हणाली. बाहेर दिसायला नको."

"देव लपवायचा?"

"आपला काय बाहेर दिसतोय? माझा दिसतोय? तुझा दिसतोय?"

मला पटलं नाही. तुम्ही तिच्या शर्टाच्या आतून एक छोटा कप्पा शिवून दिलात, छातीपाशी, लिंगाची डबी हलू नये म्हणून. सगळ्या शर्टांना. ते तुम्ही चांगलं केलंत. त्या वेळी म्हणाले नाही.

घरी जेवताना ती डोळे मिटून, हात जोडून ते इंग्रजी काय ते म्हणायची, शाळेत डब्याच्या आधी म्हणतात ते. तुम्ही भाकरीचा तुकडा हातात धरून थांबायचात. तिचं झालं की 'आमेन' तुम्हीच मोठ्यानं म्हणायचात, आणि मग आपल्या लिंगाला हात लावून जेवायला लागायचात. ती हसायची. मी म्हणायची, दोन्ही देव तुमच्यावर नाराज होतील. तुम्ही म्हणायचात, "त्यांना न्हाई का जेवायचं?"

आणि उंबरा. उंबऱ्यावर बसून बूट पॉलिश करू नये, हे मी तुम्हाला किती वेळा सांगितलं. उंबऱ्याला हळदकुंकू लावते मी, आणि तुम्ही तिथं कातडं घासता. तुमचं म्हणणं, उजेड तिथंच आहे. ओट्यावर बसा म्हटलं तर ओट्यावर धूळ आहे. हे भांडण रोजचं. कुणाला जिंकायचं नव्हतं, पण सोडायचंही नव्हतं.

त्या सकाळीही तेच. मी गॅसजवळ होते. श्रावणीची एक वेणी झाली होती, दुसरी व्हायची होती, ती आरशापुढं उभी. तुम्ही उंबऱ्यावर. एक बूट चकचकीत करून बाजूला ठेवलेला, दुसरा हातात.

"उठा तिथनं," मी म्हणाले.

"एवढा एक झाला की उठतो."

मग तुम्ही एका अंगावर गेलात. आवाज असा काही झाला नाही. पॉलिशची डबी घरंगळत खाटेकडे गेली. खाटेवर फ्रॉक इस्त्री करून ठेवलेला. मी आधी फ्रॉक उचलला. मग तुमच्याकडे आले. असं का केलं ते मला सांगता येत नाही. दोन वर्षं तुम्ही त्या फ्रॉकला कुणाला हात लावू दिला नव्हता, तुमचंच वळण लागलं असेल.

तुम्ही गेलेले होतात. मी माझी सासू पाहिली, आई पाहिली, मला कळतं.

श्रावणी तिथंच उभी होती. "अप्पा का झोपले?" म्हणाली. मी म्हणाले, चक्कर आली. बाहेर रफिकची रिक्षा येऊन थांबली, त्यानं हॉर्न दिला. "अम्मा, जल्दी भेजो, गेट बंद हो जाता." मग त्यानं दारातून पाहिलं. चपला काढून तुम्हाला ओलांडून आत आला, तुमच्या नाकाशी हात धरला, आणि माझ्याकडे पाहिलं.

"बच्ची को मैं लेके जाता," तो म्हणाला. "तुम लोगां को बुलाओ."

मी तिची दुसरी वेणी घातली. तुमच्या शेजारी उभी राहून. फीत बांधली, तुमच्यासारखी नाही जमली. फ्रॉक चढवला, पट्टा लावला, बूट घातले, एक चकचकीत आणि एक तसाच. ती जाताना मागं वळून बघत होती. "तू येस्तोवर बरे होतील," मी म्हणाले.

नंतर सगळ्यांनी विचारलं, पोरीला शाळेत कसं पाठवलं? सुनेनंही विचारलं, रडत रडत, "आत्या, त्या वेळी शाळा सुचलीच कशी?" मी म्हणाले, मला ती घरात नको होती. तुम्हाला उचलतील, धुतील, बसवतील, ते तिनं बघायला नको होतं. खरं तेवढंच आहे. तुम्हाला आवडलं असतं म्हणून वगैरे काही नाही. पण शेवटी तिनं बघायचं ते बघितलंच, आणि तेही काय आहे ते न कळता. आधी सांगून ठेवलं असतं तर एवढं झालं नसतं. हे मी रोज मनात घोळवते. चूक की बरोबर, कळत नाही.

नंतर शाळेची मोठी सिस्टर घरी आली, बरोबर मिस. मी भांडायच्या तयारीनं बसले होते. ज्यांचे बूट पॉलिश नसतात, फीत नसते, त्या पोरांना प्रार्थनेनंतर वेगळ्या रांगेत उभं करतात, हे मला श्रावणीनं सांगितलं होतं. तुम्ही गेलात त्या दिवशी ती त्या रांगेत उभी होती. सिस्टर खाली सतरंजीवर बसली आणि माझ्याशी कानडीत बोलली. मंगळूरकडची आहे. दोन वर्षं तुम्ही तिच्याशी तोडकंमोडकं हिंदी बोलून यायचात आणि मला सांगायचात, सिस्टर लई कडक. तिला कानडी येतं हे तुम्ही मला का सांगितलं नाही? की तुम्हालाच माहीत नव्हतं? तुम्ही कधी तिच्याशी आपल्या कानडीत बोलायचं धाडसच केलं नाही, असं मला वाटतं. मी असते तर पहिल्याच दिवशी विचारलं असतं, कुठल्या गावची.

सिस्टर म्हणाली, "तिनं काहीच सांगितलं नाही, अव्वा. मिसनी विचारलं, बूट असा का, तर म्हणाली, एकच झाला."

"सांगितलं असतं तर काय केलं असतं?"

"घरी पाठवली असती."

"मग बरं झालं सांगितलं नाही," मी म्हणाले. "घरी तेव्हा त्यांना अंघोळ घालत होते."

मिस रडायला लागली. लहान मुलगीच आहे, विशीतली. सिस्टर रडली नाही. तिनं पाणी मागितलं, प्यायली, आणि विचारलं की शाळेला कधीपासून पाठवणार. मी म्हणाले, उद्या. शेजारीण ऐकत होती, ती म्हणाली, "अगं, सुतक?" मी म्हणाले, आमच्यात सुतक नसतं. सिस्टरनं मान हलवली, तिला माहीत असल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी तयारी मी केली. मी पाच घरांचं जेवण एका वेळी केलेली बाई, पण या एका पोरीच्या कपड्यांनी मला दमवलं. चुण्या बसेनात. एक धरली की दुसरी निसटायची. टाय उलटा लागला. सगळं करून तिला उभी केली तेव्हा ती म्हणाली, "अव्वा, आज बुधवार हाय."

"मग?"

"पांढरा."

सगळं काढलं, पुन्हा सगळं घातलं. रफिक बाहेर हॉर्न देत होता. खडू कुठं ठेवलाय ते तिलाच माहीत होतं. तिनं तुमच्यावरून मला बोलून दाखवलं नाही. अप्पा असं करायचे, अप्पा तसं करायचे, असं ती म्हणेल आणि मी चिडेन, अशी मला भीती होती. ती नुसतं सांगत गेली, पिन हितं, फीत तितं. माझ्यासारखीच आहे ती. तुमच्यासारखी नाही. हे मला पूर्वी दिसलं नव्हतं, कारण मधे तुम्ही असायचात.

एक दिवस तिनं डब्यातलं उरलेलं खाता खाता विचारलं, "आमच्या वर्गातल्या जेनीचे आजोबा गेले तर त्यांना झोपवून ठेवलं. अप्पांना का बसवलं?"

"आपल्यात बसवतात."

"आता तिथं पण बसलेत?"

"व्हय."

"पाय दुखत न्हाईत?"

"न्हाई."

"हात?"

"हातात लिंग दिलंय."

तिनं विचार केला. "मग ठीक हाय," म्हणाली आणि चपाती खाल्ली. मी आत जाऊन भांडी घासली. घासून ठेवलेलीच होती, पुन्हा घासली.

तुम्ही त्या गेटातून आत गेलात ते बरं केलंत. हे मी जिवंतपणी तुम्हाला म्हणाले नसते, आणि आज तुम्ही उठून आलात तरी तोंडावर म्हणणार नाही. शाळा लई चांगली आहे, असंही माझं म्हणणं नाही. एवढ्याशा पोरांना बुटासाठी रांगेत उभं करणं मला पटत नाही, मी सिस्टरला तसं सांगितलंय, कानडीत. ती म्हणाली, बघते. बघेल की नाही माहीत नाही. पण रोज सकाळी काय करायचं ते ठरलेलं असतं, ही गोष्ट त्या शाळेनं दिली. या महिन्यात मला उठून बसायला तेवढंच एक कारण होतं. फ्रॉक, पट्टा, टाय, फीत. हात चालतात, डोकं थांबलेलं असलं तरी.

परवा रविवारी मल्लू आला. सून बरोबर. बॅग घेऊनच आले होते. मल्लू म्हणाला, "आई, दाखल्याचा अर्ज उद्या देतो शाळेत." श्रावणी खाली बसून स्वतःची नखं बघत होती, वाढलीत का. तिला कुणी विचारलं नाही.

जेवताना तिनं मधेच मला विचारलं, "अव्वा, अप्पा पडले तवा दूध उतू गेलं हुतं ना?"

सून म्हणाली, "बाळा, नको तो विषय. जेव."

"व्हय, गेलं हुतं," मी म्हणाले.

"आणि तू गॅस बंद केला का मी?"

"तू केलास."

तिनं मान हलवली आणि जेवायला लागली. हे ती अधूनमधून विचारते. वेणी घालताना, अंघोळीला बसताना. रडत नाही, नुसतं विचारते, असं झालं ना, तसं झालं ना. मी सांगते, झालं. कधी तिचं चुकलेलं असतं, तर ते सांगते. मग तिचं अंग जरा सैल पडतं, ते माझ्या हाताला कळतं. सुनेचं काही चुकलं नाही, कोणतीही आई तेच म्हणाली असती. पण मला तिथंच, ताटावर, मल्लूला काय सांगायचं ते कळलं.

"मल्ल्या, ती हितंच राहील," मी म्हणाले.

"कशासाठी? अप्पांच्या शाळेसाठी? तूच नको म्हणत हुतीस की."

"शाळेसाठी न्हाई."

"मग तुझ्यासाठी?"

"माझ्यासाठी पण न्हाई. मला एकटीला करमतं."

तो चिडला. म्हणाला, कारण सांग. मला चांगलं बोलता येत नाही, तुम्ही असतात तर तुम्ही बोलला असतात, काहीतरी विनोद करून वेळ मारून नेली असती. मी जे होतं ते सांगितलं. तुझा बाप गेल्याचं तुला फोनवर कळलं, म्हणाले, आणि बाकीचे सगळे नंतर आले. अप्पा पडले तेव्हा घरात मी होते आणि श्रावणी होती. ती विचारते, असं झालं ना, त्याला झालं म्हणणारं पुण्यात कुणी नाही.